बाळंतविडा आणि बाळाची ऊब

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या गांवीं पौष महिन्यांत उघड्या शेतांवरून येणारा वारा दारा-खिडक्यांच्या फटींतून घरांत शिरतो, आणि पहांटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अशा दिवसांत लेक बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली असली, कीं घरांतील वडील बाईचें लक्ष प्रथम जातें तें ट्रंकेच्या तळाशीं घडी घालून ठेवलेल्या जुन्या लुगड्यांकडे. सोनाराचें दुकान आणि बाजार ह्यांची आठवण मागाहून होते. बाळाच्या स्वागताची पहिली तयारी सुईदोऱ्यानें होते, आणि ती केवळ हौसेची बाब नाहीं. नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या अंगांतील ऊब टिकविणें, हें त्या सुईदोऱ्याचें खरें काम आहे.

अशा वस्तूंच्या समुदायाला महाराष्ट्रांत बाळंतविडा म्हणतात. झबलीं, टोपडीं, लंगोट, दुपटीं, कुंची, लहान गोधडी, लोकरीचे मोजे हे त्याचे मुख्य घटक. कोणीं काय द्यावें ह्याचा लेखी नियम नाहीं. तथापि आजीची गोधडी, मावशीचीं झबलीं, आत्याची कुंची अशी वांटणी पुष्कळ कुटुंबांत आपोआप होते. बारशाला बाळाच्या कानांत नांव सांगण्याचा मान आत्याचा असतो. तेव्हां आपल्या हातचें कांहीं तरी घेऊन येण्यांत तिलाहि अभिमान वाटतो.

पुष्कळ घरांत बाळ जन्मण्यापूर्वीं त्याच्यासाठीं नवें कापड शिवीत नाहींत. अपशकुनाची भीति हें त्याचें कारण सांगतात. परंतु ह्या समजुतीपायीं बाळंतपणाच्या वेळीं घरांत कांहींच तयार नसावें, हें मात्र धोक्याचें आहे. बाळ ओलें जन्मतें, आणि त्याचें अंग त्याच क्षणीं पुसून कोरड्या कापडांत घ्यावें लागतें. नवें कापड नको असल्यास न शिवावें. पण जुनीं, स्वच्छ धुतलेलीं, उन्हांत वाळविलेलीं पांच-सहा फडकीं आणि दोन दुपटीं आधींपासून बांधून ठेवण्यास कोणत्याहि रूढीची आडकाठी नाहीं.

जुन्या कापडाचा हा आग्रह वऱ्हाडांत विशेष शोभतो. हा कापसाचा मुलूख. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हां येथील कापसाची मागणी एकदम वाढली होती. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यांत आतां सोयाबीनचें पीक मोठें झालें आहे. पण कापसाच्या कापडाचा गुण घराघरांतील बायकांना ठाऊक आहे. सुती कापड प्रत्येक धुण्यागणिक मऊ होत जातें, त्यांतील खळ निघून जाते, आणि तें ओल चटकन शोषून घेतें. नव्या, खळीच्या कापडाचें झबलें दिसावयास कितीहि सुंदर असलें, तरी तें दोनदां धुतल्यावांचून बाळाच्या अंगाला लावूं नये.

गोधडीची कृति सोपी दिसते, पण ती सावकाशीनें करावी लागते. लुगड्याचे जाड काठ व जरीचा भाग प्रथम कापून काढावा. तो बाळाच्या गालाला खरचटतो. उरलेल्या कापडाचे तीन किंवा चार थर जमिनीवर सुरकुती न पडूं देतां पसरावे आणि कच्च्या दोऱ्यानें जोडून घ्यावे. नंतर एका कडेनें आरंभ करून जवळ जवळ धांवदोरा घालीत जावें. दोऱ्याच्या गांठी थरांच्या आंत दडवाव्या. ह्या टाक्यांमुळें थर सरकत नाहींत, आणि थराथरांमध्यें जी थोडी हवा अडकून राहते तीच ऊब धरून ठेवते. एक जाड गोधडी शिवण्यापेक्षां दोन पातळ गोधड्या शिवणें शहाणपणाचें, कारण बाळाची गोधडी रोज ओली होते आणि हिंवाळ्याच्या उन्हांत जाड गोधडी आंतपर्यंत वाळत नाहीं. बंगालमध्यें जुन्या साड्यांच्या थरांची कांथा बाळासाठीं शिवितात, उत्तर कर्नाटकांतील सिद्दी बायका आपली कवंदी शिवितात. सर्वत्र जीर्ण वस्त्राचा असाच सदुपयोग झालेला आढळतो.

ऊब टिकविण्याची एवढी काळजी कां घ्यावी? आईच्या पोटांत सदतीस अंशांच्या उष्णतेंत वाढलेलें बाळ एका क्षणांत थंड खोलींत येतें. त्याच्या वजनाच्या मानानें कातडीचा विस्तार मोठा असतो, आणि मोठ्या माणसासारखें थरथरून ऊब निर्माण करणें त्याला जमत नाहीं. डोकें तर शरीराच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढें असतें, म्हणून उघड्या डोक्यांतून पुष्कळ उष्णता निघून जाते. अंगाची उष्णता साडेछत्तीस अंशांच्या खालीं गेली, कीं बाळ गारठलें असें वैद्यकशास्त्र मानतें. अडीच किलोहून कमी वजनाच्या किंवा दिवस पुरे न होतां जन्मलेल्या बाळाच्या जिवावरहि हें बेतूं शकतें. घरच्या घरीं ओळखण्याची खूण सोपी आहे. हाताच्या पाठीनें बाळाचें पोट व पावलें पाहावीं. पोट ऊबदार आणि पावलें गार असल्यास बाळाला थंडी वाजत आहे. दोन्ही गार असल्यास त्याला ताबडतोब आईच्या उघड्या छातीशीं घेऊन, वरून पांघरूण घालून, डॉक्टरांकडे न्यावें.

आईच्या छातीइतकी चांगली शेगडी अद्यापि निघालेली नाहीं. कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं डॉक्टर एद्गार रे ह्यांनीं १९७८ सालीं कमी वजनाचीं बाळें आईच्या छातीशीं, कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धति सुरू केली. आज ती जगभर मान्य झालेली आहे. अशा वेळीं बाळाच्या अंगावर बहुधा तीनच वस्तु असतात: लंगोट, टोपडें आणि मोजे. म्हणजे बाळंतविड्यांतील सर्वांत लहान जिन्नस तेथें सर्वांत मोठें काम करतात. विदर्भांतच गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवांतील बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरीं शुश्रूषा घडवून आणली. श्वासाची व जंतुदोषाची चिकित्सा, स्तनपान आणि ऊब ह्या सर्वांकडे तींत लक्ष दिलेलें होतें, व गारठलेल्या बाळासाठीं शिवलेली उबदार पिशवीहि वापरांत होती. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, तेथील नवजात बालकांचें मृत्युमान तुलनेच्या गांवांपेक्षां ६२ टक्क्यांनीं घटलें. हें श्रेय एकट्या पिशवीचें नव्हे; परंतु कापडाच्या एका साध्या तुकड्याला जीवरक्षणाच्या कार्यांत मानाचें स्थान आहे, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

आतां विणकामाकडे वळावें. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारें ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. वीण ताणली जाते म्हणून टोपडें ३२ सेंटिमीटरांचें धरावें. अंदाजानें टाके घालण्याची संवय पुष्कळ भगिनींना असते, आणि मग टोपडें बाळाच्या डोळ्यांवर येतें. त्याऐवजीं प्रथम एक चौकोनी नमुना विणून टाके मोजावे. १० सेंटिमीटरांत २२ टाके बसत असतील, तर ३२ सेंटिमीटरांना सुमारें ७० टाके लागतील; दोन सुलट, दोन उलट अशी वीण घालावयाची असल्यास चारानें भाग जाणारे ७२ टाके घ्यावे. लोकर मऊ, न टोंचणारी आणि केंस न सुटणारी असावी. ती स्वतःच्या गळ्याला घासून पाहिली, कीं तिचा स्वभाव कळतो.

प्रेमानें केलेल्या वस्तूंतहि धोका राहूं शकतो, हें विसरून चालणार नाहीं. मोज्याच्या आंत लोंबत राहिलेला एखादा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतें, त्यांतील रक्त अडतें, आणि बाळ कां रडतें हें कोणालाच कळत नाहीं. म्हणून मोजा देण्यापूर्वीं उलटा करून सर्व दोरे कापावे. आणि बाळाचें रडणें कशानेंहि थांबत नसल्यास मोजे काढून बोटें अवश्य पाहावीं. मणी, टिकल्या, सैल बटणें व लोकरीचे गोंडे लहान बाळाच्या कपड्यांना लावूंच नयेत. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूस ठेवल्यास ती अंगाला रुतत नाहीं. कुंची बाहेर जातांना शोभते. परंतु बाळ निजतांना तिचे बंद सोडून ती काढून ठेवावी. निजलेल्या बाळाला उताणें ठेवावें, आणि त्याच्या तोंडाभोंवतीं सैल पांघरूण असूं देऊं नये.

आणखी एक धोका ट्रंकेंतून येतो. वर्षानुवर्षें जपलेल्या लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवण्याची चाल आहे. कांहीं बाळांच्या रक्तांत ‘जी-सिक्स-पीडी’ नांवाच्या एन्झाइमची जन्मतःच उणीव असते. अशा बाळाच्या श्वासांत ह्या गोळ्यांची वाफ गेल्यास रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानें वाढते. ही उणीव वरून दिसत नाहीं. तेव्हां बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधींच ठेवूं नये; कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, आणि कपडे वापरण्यापूर्वीं धुऊन कडक उन्हांत वाळवावे.

ऋतूचाहि विचार हवा. वैशाखांत ह्या भागांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या वेळीं आजीनें मोठ्या हौसेनें विणलेला स्वेटर बाळाला घालण्यांत प्रेम असलें तरी सुख नाहीं. मलमलीचें एकेरी झबलें पुरें. हिंवाळ्यांतहि निरोगी बाळाची मान व पाठ घामेजली, तर कपड्यांचा एक थर कमी करावा. उन्हाळ्यांत जन्मलेल्या बाळासाठीं लोकरीचा कपडा विणावयाचाच असेल, तर तो संक्रांतीचा हिशेब करून सात-आठ महिन्यांच्या मापाचा विणावा. बोरन्हाणाला काळें झबलें आणि हलव्याचे दागिने घालतात, तेव्हां त्याचाहि उपयोग होतो. हलव्याचे दागिने मात्र कौतुक होतांच उतरून ठेवावे. त्यांतील दाणे बाळाच्या घशांत अडकूं शकतात.

पहिलें टोपडें दोन-तीन महिन्यांत अपुरें होतें, आणि गोधडी धुतां धुतां विरते. त्याबद्दल शिवणाऱ्या बाईनें खेद मानण्याचें कारण नाहीं. कपाटांत जपून ठेवलेल्या वस्तूपेक्षां, रोज ओली होऊन रोज दोरीवर वाळणारी गोधडीच तिच्या श्रमांचें खरें सार्थक करते. घरांत पुढचें बाळ यावयाचें ठरलें, कीं तीच विरलेली गोधडी मधल्या थराला घालून वरून आणखी एक जुनें लुगडें लावावें, आणि त्यावर नवा धांवदोरा घालावा.