वाचनाचा रोजचा तास

संशोधनाची साधने अपुरी आहेत, ही आपल्या महाविद्यालयांची जुनी तक्रार. ती खोटी नव्हती. परदेशी नियतकालिकांची वर्गणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना त्यामुळे संगणकावर उपलब्ध व्हावीत, अशी ही व्यवस्था आहे. (खासगी व्यवस्थापनाची महाविद्यालये पहिल्या टप्प्यात तिच्याबाहेर राहिली, ही उणीव लहान नाही.) दार उघडले आहे. आत जाऊन रोज तासभर बसण्याची सवय मात्र तरतुदीतून लागत नाही.

बहुतेक वाचक निबंधाचा सारांश वाचून थांबतात. अर्थशास्त्रात हे विशेष धोक्याचे आहे, कारण महत्त्वाची गोष्ट पुष्कळदा तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० सालच्या ५५ व्या फेरीचे उदाहरण घ्यावे. तीत कुटुंबांना अन्नावरील खर्च गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा, असा दोन्ही प्रकारे शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला असावा, अशी रास्त शंका अभ्यासकांनी घेतली. त्यामुळे १९९३-९४ मधील सुमारे ३६ टक्के दारिद्र्य २६.१ टक्क्यांवर आले, या आकड्यांची सरळ तुलना करता येईना. अँगस डीटन व ज्याँ द्रेझ यांनी २००२ मध्ये फेरआकडेमोड करून घट खरी असली तरी इतकी मोठी नसल्याचे दाखविले. ज्याने केवळ २६.१ हा आकडा टिपून घेतला, त्याच्या हाती काय लागले?

परदेशातही हेच दिसते. राइनहार्ट व रोगॉफ यांच्या २०१० मधील निबंधानुसार, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होती. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तीच आकडेमोड पुन्हा केली. मूळ तक्त्यात पाच देश सरासरीतून सुटले होते, शिवाय काही वर्षे वगळलेली होती आणि भारांकनही शंकास्पद होते. दुरुस्त सरासरी २.२ टक्के आली.

यासाठी वेग नको. एक निबंध तीन दिवस पुरला तरी चालेल. आधी तक्ते व पद्धती, निष्कर्ष शेवटी. रोज दहा ओळींचे टिपण मात्र लिहावे, आणि ते मराठीत लिहावे. माहिती कोणाकडून घेतली, कधीची, तुलना कशाशी, हे स्वभाषेत मांडताना न समजलेली जागा लगेच उघडी पडते. इंग्रजी शब्द उतरवून घेताना ती झाकली जाते. टिपण सहकाऱ्याला वाचायला दिले तर आणखी बरे.

२०२२-२३ च्या कुटुंब उपभोग पाहणीत एकाऐवजी तीन भेटींत माहिती घेतली गेली. ज्याच्या वहीत ५५ व्या फेरीचे टिपण आहे, तो जुन्या-नव्या आकड्यांची वजाबाकी करण्यापूर्वी या बदलापाशीच प्रथम थांबेल.