अठरा पूर्ण झाल्यावर कुठे जायचं?

(युवा मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



यतीमखान्याला पैसे देणं आपल्याला नवीन नाही. रमजानमध्ये पावतीबुक घेऊन कुणी दारात आलं की घरातून काहीतरी दिलं जातंच. पावतीवर छोट्या मुलाचा फोटो असतो, तो बघून हात खिशात जातो. आज मला त्याच मुलाबद्दल बोलायचं आहे, पण तो मोठा झाल्यानंतरचं. दाढी-मिशी फुटलेल्या यतीमाचा फोटो कुठल्याच पावतीवर नसतो.

बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाले की संस्था सोडावी लागते. तुमच्यातले किती जण अठराव्या वर्षी घर सोडून स्वतःच्या पैशावर जगू शकले असते? बारावीचा निकाल, कॉलेजचा प्रवेश, राहायची जागा, जेवण, सगळं एकाच वेळी समोर येतं. मागे फोन करायला कुणी नाही. सुट्टीत होस्टेल रिकामं होतं तेव्हा हा मुलगा जातो कुठे? ईदच्या दिवशी नमाज झाल्यावर सगळे गळाभेट घेतात आणि मग आपापल्या घरी जातात. तो कुणाच्या घरी जातो?

कायद्याला हे माहीत आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये ‘अनुरक्षण’ नावाची सोय आहे. संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वयाच्या तरुणांना आर्थिक आणि इतर आधार देणं, असा तिचा अर्थ. २०१६ च्या आदर्श नियमांत अपवाद म्हणून हे वय २३ पर्यंत नेता येतं. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती जागा, शिक्षण घेताना विद्यावेतन, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशक, धंद्यासाठी कर्ज, हे सगळं त्या नियमांत लिहिलेलं आहे. मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. मुंबई-पुण्यात कॉट बेसिसवर राहून जेवायचं म्हटलं तर ते पुरणार नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

आता कलम ४६ नीट वाचा. तिथे आर्थिक मदत ‘देता येईल’ असं आहे, ‘दिली पाहिजे’ असं नाही. सगळी गोम या एका शब्दात आहे. ज्याने मागितलं, ज्याच्या मागे कुणी उभं राहिलं, त्याला मिळतं. बाकीच्यांना अशी सोय आहे हेही कुणी सांगत नाही. आणि व्याख्येत संस्थेतून बाहेर पडलेलेच आहेत. प्रतिपालक कुटुंबात वाढलेल्या मुलांचा तिथे वेगळा उल्लेखही नाही.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी मुलाची नोंद लागते. इथे आपल्या घरातली गोष्ट बोलावी लागेल. मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केली पाहिजे, असं कलम ४१ सांगतं. आपल्या एखाद्या जुन्या ट्रस्टने ती केली नसेल, मुलाला बालकल्याण समितीसमोर कधी नेलंच नसेल, तर अठराव्या वर्षी तो मुलगा सरकारच्या कागदावर कुठेच नसतो. ट्रस्टींची नियत साफ असेल, मला शंका नाही. पण नुकसान मुलाचं होतं. म्हणून चंदा देताना नोंदणी क्रमांक विचारा. यात बेअदबी काही नाही.

काही जण म्हणतात, बालिग झाला की तो यतीम राहिला नाही, मग आपली जबाबदारी संपली. फिकहमधली व्याख्या बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सूरह निसाची सहावी आयत काढून बघा. यतीमाचा माल त्याच्या हवाली करण्याआधी तिथे दोन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत: वय आणि समज, म्हणजे रुश्द. तोवर त्याला पारखत राहायचं, तयार करायचं. नुसत्या जन्मतारखेवर हात झटकायची मुभा तिथे मला तरी दिसत नाही. जकातीचं म्हणाल, तर सूरह तौबामधल्या आठ हकदारांत फकीर आणि मिस्कीन आहेत, त्यांना वयाची अट नाही. एकोणीस वर्षांचा गरीब विद्यार्थी जकातीला पात्र आहे. रक्कम त्याच्या हातात द्या, खोलीचं डिपॉझिट तो भरेल.

मुलींबाबत आणखी एक गोष्ट. अठरा झाले की स्थळ बघून निकाह लावून देणं, यालाच पुष्कळ ठिकाणी पुनर्वसन म्हणतात. तिला निकाह करायचा असेल तर जरूर करावा. पण राहायला दुसरी जागाच नाही म्हणून दिलेल्या होकाराला मी मर्जी म्हणणार नाही. तिला आधी खोली, शिक्षण आणि बँकेत स्वतःचं खातं मिळू द्या, मग विचारा.

तुम्ही काय करू शकता? पैसे नंतर. घरमालक विचारतो, वडील काय करतात, गाव कुठलं? आपली नावं ऐकून आधीच खोली मिळत नाही, त्यात हा बिनकुटुंबाचा. तेव्हा सोबत जा. आधारवर संस्थेचा पत्ता असतो, तो बदलायला रांगेत त्याच्याबरोबर उभे राहा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज द्या, पोच घ्या, महिन्याने परत जा. एकटा मुलगा दुसऱ्या फेरीला जात नाही. दोघं असले की जातात.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव, तालुका आणि आठवड्यातला कोणता दिवस देऊ शकता ते लिहा. ज्यांच्या घरी येत्या ईदला एक ताट जास्त वाढता येईल, त्यांनी तेही लिहा.