थकवा हा खाजगी प्रश्न नव्हे
(धामापूर येथील भाषण)

या मालवण तालुक्यातून आपले आजे मुंबईच्या गिरण्यांत गेले. नातू पुण्यात संगणकापुढे बसतात. 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या संघटनेच्या बळावर, मालकांच्या दयेने नव्हे. 2024 साली पुण्यात 26 वर्षांची एक सनदी लेखापाल मरण पावली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने कंपनीला लिहिले. 2017 च्या राज्य कायद्यात कामाच्या तासांवर मर्यादा आहे. परंतु व्यवस्थापकीय पदाचा शिक्का बसला की ती लागू होत नाही. मग थकलेल्याला ध्यानधारणेचा उपदेश मिळतो! थकवा म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. सुटीत गावी आलेल्या मुलांना बोलते करा, तास मोजायला शिकवा आणि संघटनेत आणा.