बघायला जाण्याचा दिवस



  व्हिडिओग्राफरांच्या संमेलनात अध्यक्षानं व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. पण ड्रोनचे 2021 चे नियम, एआयवरचं एडिटिंग, उभ्या रीलची मागणी यांवर सकाळपासून जाणकार बोलले आहेत. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बरीच वर्षं मनात आहे. शूटिंगआधी क्लायंटकडे जाऊन यायचं आपण सोडून दिलं आहे, आणि जे अजून जातात त्यांना त्या दिवसाचा पैसा मिळत नाही.

कालच्या चर्चेत तरुण मित्र म्हणाले, जागा व्हिडिओ कॉलवर दिसते, मग पेट्रोल कशाला जाळायचं? त्यांना मी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर नेतो.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे स्वतःचा ब्रँड काढणाऱ्या मुलांची कामं माझ्याकडे येऊ लागली. त्यातलंच हे एक. फोनवर सगळं ठरलं होतं : सकाळी दहाला या, वडील बोलतील, मागे रस उकळायची काहील दिसेल. मी आदल्या दिवशीच गेलो. मळी काढून झाली होती, रस फसफसत होता. चुलवाणाजवळ एक वयस्कर गृहस्थ उभे होते. ते गुळव्या, पाक कधी उतरवायचा हे ठरवणारे. फोनवर त्यांचा कुणी उल्लेखही केला नव्हता. त्यांनी थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, दाबून पाहिली आणि हात वर केला. त्यासरशी माणसांनी काहील उतरवली आणि पाक वाफ्यात ओतला. तिथं रिटेक नसतो, पाक थांबत नाही. कॅमेरा कुठं लावायचा हे आदल्या दिवशी ठरलं नसतं, तर तो हात मला मिळाला नसता. एसी गाडीतून थेट त्या वाफेत नेलेली लेन्स धुरकटते, हेही तिथं उभं राहिल्यावरच लक्षात येतं. शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइट होत्या. आपली वीज 50 हर्ट्झची, शटर त्या हिशेबात ठेवलं नाही तर चित्रावर पट्टे फिरतात. हे कुठला क्लायंट फोनवर सांगेल?

संध्याकाळी वडिलांजवळ बसलो. मुलगा आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "कॅमेरा बघितला की माझी जीभ अडते हो. पोराला सांगू नका." दुसऱ्या दिवशी त्यांना समोर बसवलंच नाही. उसातून चालता चालता बोलतं केलं, नुसता आवाज घेतला आणि चित्र गुळव्याच्या हातांचं ठेवलं. मुलगा शेजारी बसलेला असताना व्हिडिओ कॉलवर हे वाक्य त्या बापाच्या तोंडून निघालं असतं का?

बिलात मी तो आदला दिवस लावला. उत्तर आलं, "त्या दिवशी तुम्ही काही शूट केलं नाहीत, नुसतं बघायला आला होतात."

मित्रांनो, बघणं हाच आपला धंदा आहे! 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते चित्रित केलं. ठरावीक अंतरानं एकेक चित्र घेत किती दिवस त्यांनी त्या कुंडीपाशी घालवले असतील! पडद्यावर ते काही क्षणांत संपलं. त्या दिवसांना फुकटचे म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पण नुसत्या क्लायंटला दोष देऊन भागत नाही. आपणच दर पाडून दुसऱ्याचं काम घेतो, आणि पहिला बळी या दिवसाचा देतो. मग पहाटे निघायचं, दिवसभर अनोळखी जागी धावपळ करायची आणि दमलेल्या पोरानं रात्री गाडी हाकत घाट उतरायचा. हे मला आता बघवत नाही.

तेव्हा जागा पाहण्याचा दिवस, प्रवास आणि मुक्काम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहायचा, असा ठराव मी मांडतो. नमुना कोटेशन कार्यकारिणीनं करावं, आकडे जिल्ह्याजिल्ह्यानं ठरवावेत.  ज्यांचा विरोध असेल त्यांनी दुपारच्या सत्रात उभं राहून बोलावं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि उत्तर देणार आहे.