तोस्कानीनींची पेटी

ग्रंथसंग्राहकांविषयी एक जुनी तक्रार आहे, की ते स्वतःची पुस्तके कपाटात ठेवतात आणि वाचतात मात्र दुसऱ्यांची. ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांसही ती लागू पडण्यासारखी आहे. एखाद्या विख्यात वाद्यवृंद-संचालकाचे आयुष्यभराचे काम एका पेटीत बांधून बाजारात आले, म्हणजे ऐकण्याच्या इच्छेहून संच पुरा करण्याची इच्छा प्रबळ होते. पेटी घरी येते, कपाटात मानाची जागा पटकावते, आणि तिच्यातील निम्म्या तबकड्या पुढे कित्येक वर्षे जागच्या हलत नाहीत. ह्या हौसेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. अशी पेटी काय सांगते, काय सांगत नाही, आणि ती कशी ऐकावी, एवढाच विचार मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्यासाठी मी एकच उदाहरण घेतो, ते आर्तुरो तोस्कानीनी ह्यांचे.

तोस्कानीनींचा जन्म इटलीतील पार्मा येथे २५ मार्च १८६७ रोजी झाला आणि मृत्यू न्यूयॉर्क येथे १६ जानेवारी १९५७ रोजी. आर. सी. ए. ह्या अमेरिकन कंपनीच्या संग्रहातील त्यांची ध्वनिमुद्रणे २०१२ साली 'संपूर्ण' ह्या नावाने एकत्र निघाली. त्या पेटीत ८४ सीडी तबकड्या आहेत. रोज एक ऐकावयाची ठरविली, तर बरोबर बारा आठवडे लागतील. इतका ऐवज हाती आल्यावर 'आता तोस्कानीनी आपल्याला समजले' असे कोणासही वाटेल. परंतु त्या 'संपूर्ण' शब्दाकडे किंचित निरखून पाहिले पाहिजे.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८८६ साली, रिओ द जानेरो येथे एका दौऱ्यावरील मंडळीत चेलो वाजविणारा हा तरुण ऐनवेळी संचालकाच्या जागी उभा राहिला आणि त्याने व्हेर्दीचा 'आइडा' हा ऑपेरा स्मरणातून चालविला. त्यांचा शेवटचा जाहीर जलसा ४ एप्रिल १९५४ रोजी झाला. म्हणजे कारकीर्द अडुसष्ट वर्षांची. ह्यांतील पहिल्या चौतीस वर्षांचा एक सूरही कोणत्याही कंपनीच्या तबकडीवर नाही. मिलान येथील ला स्काला नाट्यगृहाची त्यांनी केलेली पुनर्घटना, १८९६ साली तुरिन येथे त्यांनी चालविलेला पुच्चिनीच्या 'ला बोएम'चा पहिला प्रयोग, १९०८ पासून १९१५ पर्यंतची न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरातील वर्षे, हे सर्व आपणांस केवळ लेखांतून आणि आठवणींतून ठाऊक आहे. पहिले मुद्रण त्यांनी डिसेंबर १९२० मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे केले, आणि तेही कर्ण्यासमोर वादकांना दाटीवाटीने बसवून, कारण मायक्रोफोनच्या साहाय्याने मुद्रण करण्याची पद्धती १९२५ साली आली. त्या अनुभवाने ते इतके वैतागले, की पुढे कित्येक वर्षे त्यांनी मुद्रणाचे फारसे नाव काढले नाही.

हा वैताग आपल्याकडील श्रोत्यांना सहज समजेल. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीत कोंबताना आपल्या गवयांची जी कुचंबणा झाली, तीच तिकडे सिंफनीची झाली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूस फार तर साडेचार मिनिटे मावत. चाळीस मिनिटांच्या सिंफनीला चार-पाच तबकड्या लागत, आणि प्रत्येक बाजू संपली की संगीत मध्येच तुटे. ह्या तबकड्या ठेवण्यासाठी कागदी कप्प्यांची जाड बांधणीची वही करीत. तिलाच आल्बम म्हणू लागले. वही गेली तरी शब्द टिकून राहिला. पुढे १९४८ साली लाँग-प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत बसू लागले, आणि एका ऑपेराचे अथवा बेथोव्हेनच्या नऊही सिंफनींचे संच पुठ्ठ्याच्या पेटीतून विकणे शक्य झाले. आजच्या अवाढव्य पेटीचे मूळ तेथे आहे.

आता ह्या ८४ तबकड्यांत मुख्यत्वे काय आहे? त्यांतील फार मोठा भाग तोस्कानीनींच्या सत्तरीनंतरचा आहे, आणि तो एका नभोवाणी-संस्थेच्या वाद्यवृंदाबरोबरचा आहे. न्यूयॉर्कच्या नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीने १९३७ साली खास त्यांच्यासाठी एक वाद्यवृंद उभारला. २५ डिसेंबर १९३७ रोजी त्यांनी त्याच्याबरोबरचा आपला पहिला जलसा ध्वनिक्षेपित केला आणि पुढे, मधला थोडा काळ वगळता, १९५४ पर्यंत ते त्याच्याशी संलग्न राहिले. ह्या जलशांसाठी '८-एच' नावाचा स्टुडिओ योजिला होता. तो मुळात बोलण्याच्या कार्यक्रमांस सोयीचा. मोठ्या सभागृहात सूर वाजून गेल्यावरही क्षणभर हवेत रेंगाळतो आणि पुढच्या सुरात मिसळतो. ते रेंगाळणे येथे फारच थोडे होते. त्यामुळे प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते, परंतु एकंदर नाद रुक्ष आणि चपटा भासतो. १९५० साली हे जलसे कार्नेगी हॉलमध्ये गेले, तेव्हा हा दोष बराच कमी झाला.

'तोस्कानीनी म्हणजे घाई, ताठरपणा आणि कोरडेपणा' असे एक मत गेल्या कित्येक दशकांत रूढ झाले आहे. ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्याचा बराचसा आधार एका म्हाताऱ्या माणसाने एका कोरड्या खोलीत केलेले काम हा आहे. सबंध माणसाविषयीचा निकाल त्याच्या अखेरच्या सतरा वर्षांवरून देणे न्याय्य होईल काय? आणि ही सतरा वर्षे न्यूयॉर्कमध्येच का गेली, हाही विचार केला पाहिजे. मे १९३१ मध्ये बोलोन्या येथे जलशापूर्वी फॅसिस्ट पक्षाचे गीत वाजविण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा नाट्यगृहाच्या दाराशी त्यांना मारहाण झाली. युद्ध संपेपर्यंत इटलीत त्यांनी पुन्हा जलसा केला नाही. १९३३ साली जर्मनीतील ज्यूंच्या छळामुळे त्यांनी बायरॉइथच्या वाग्नर-महोत्सवाकडे पाठ फिरविली. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेल्यावर साल्झबुर्गही सोडले. बायरॉइथ येथील त्यांचे वाग्नर ह्या पेटीत नाही. साल्झबुर्ग येथील १९३७ च्या प्रयोगांची जी मुद्रणे उरली, ती इतरत्र शोधावी लागतात. पेटीतील ह्या मोकळ्या जागा केवळ यंत्राच्या उणिवेने पडलेल्या नाहीत. त्यांच्यापैकी काही एका माणसाच्या नकाराने पडलेल्या आहेत, आणि संग्राहकाने त्याही आपल्या संग्रहात धरल्या पाहिजेत.

मग अशी पेटी ऐकावी कशी? पहिल्या तबकडीपासून शेवटच्या तबकडीपर्यंत क्रमाने जाणे हा मला सर्वांत निष्फळ मार्ग वाटतो. एकच कृती त्याच संचालकाने दोन-तीन वेगळ्या वर्षी केलेली शोधावी आणि ती लागोपाठ ऐकावी. पेटीचे खरे सामर्थ्य ह्यातच आहे. बेथोव्हेनची सातवी सिंफनी त्यांनी १९३६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर मुद्रित केली आणि पुन्हा १९५१ साली नभोवाणीच्या वाद्यवृंदाबरोबर. दोन्ही मुद्रणे कार्नेगी हॉलमधील आहेत; तेव्हा खोलीचा दोष दाखवून सुटका होत नाही. १९३६ च्या मुद्रणात लयीला एक लवचीकपणा आहे. वाक्य संपताना ती किंचित सैल होते आणि पुन्हा सावरते. १९५१ चे अधिक ताणलेले, अधिक सरळ आहे. तिसऱ्या, 'एरोइका' सिंफनीची १९३९, १९४९ आणि १९५३ सालची मुद्रणे उपलब्ध आहेत, आणि शेवटचे, शहाऐंशीव्या वर्षीचे, पहिल्याइतके तापलेले नाही. वय वाढत गेले तशी गती वाढत गेली, हे सोपे सूत्र येथे लंगडे पडते. आपले मत दर काही वर्षांनी नव्याने तपासणारा एक कलावंत ह्या तुलनेतून दिसू लागतो, आणि एकेकटी तबकडी ऐकून तो कधीच दिसला नसता.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. ह्या पेटीत अशीही मुद्रणे आहेत, जी तोस्कानीनींच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. १९४१ आणि १९४२ साली फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर त्यांनी शुबर्टची मोठी सी-मेजर सिंफनी, दब्यूसीचे 'ला मेर' इत्यादी कृती मुद्रित केल्या. मूळ तबकड्यांवर प्रक्रिया करताना त्या बिघडल्या. पुन्हा मुद्रण करावे, तर १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. पुढे दुरुस्तीचे तंत्र सुधारल्यावर, त्यांच्या पश्चात, ही मुद्रणे बाहेर आली. त्यांत खरखर आहे. पण फिलाडेल्फियाच्या तंतुवाद्यांचा तो दाट नाद ऐकल्यावर त्यांना पेटीबाहेर ठेवा असे म्हणवत नाही. तथापि कलावंताने पसंत केलेले आणि पसंत न केलेले ह्यांत भेद आहे, आणि तो ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावा. पेटी सर्वांना सारख्याच वेष्टनात घालते.

मुद्रणाचा तिटकारा करणाऱ्या ह्या माणसाला मुद्रणाची जबाबदारी मात्र पुरती कळली होती. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी, जून १९५४ मध्ये, ते पुन्हा वाद्यवृंदापुढे उभे राहिले. जलसा नव्हता, श्रोते नव्हते. 'आइडा' आणि 'मास्केरा' ह्या व्हेर्दीच्या दोन ऑपेरांच्या मुद्रणांतील काही सदोष जागा त्यांना नव्याने करून द्यावयाच्या होत्या. तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. आपल्यामागे काय उरणार हे त्यांनी त्या वेळी ओळखले असले पाहिजे.

ज्यांना संपूर्ण पेटी घेणे शक्य नाही, अथवा घेऊनही कोठून प्रारंभ करावा हे सुचत नाही, त्यांना मी पाच गोष्टी सुचवीन. पहिली, सातव्या सिंफनीचे ते १९३६ चे मुद्रण. दुसरी, बी. बी. सी. वाद्यवृंदासह लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये १९३७ साली केलेली बेथोव्हेनची 'पास्तोराल' सिंफनी. ते सभागृह मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात जळून गेले. त्याचा नाद आज अशा तबकड्यांवरच राहिला आहे. तिसरी, फिलाडेल्फियाची शुबर्ट-सिंफनी. चौथी, १९४६ चा 'ला बोएम'. पहिल्या प्रयोगानंतर बरोबर पन्नास वर्षांनी तोच माणूस तोच ऑपेरा चालवीत आहे, आणि मधूनमधून गायकांबरोबर त्याचा स्वतःचा घोगरा आवाज गुणगुणताना ऐकू येतो. पाचवी, १९५० चा व्हेर्दीचा 'फाल्स्टाफ'. हा त्या कोरड्या ८-एच स्टुडिओतलाच. परंतु येथे तो कोरडेपणाच उपयोगी पडतो, कारण ह्या विनोदी कृतीत प्रत्येक शब्द आणि प्रत्येक वाद्याची चिमटी स्पष्ट ऐकू यावी लागते.

प्रत्येक तबकडी लावण्यापूर्वी वेष्टनावरील तारीख, स्थळ आणि वाद्यवृंद एवढे तीन तपशील वाचावे. पेटी विकत घेणे हे एका दिवसाचे काम आहे. त्या तीन तपशिलांच्या आधाराने ती हळूहळू आपली करून घेण्यास वर्षे लागतात, आणि तशी ती लागली तरी घरातील कोणाचेही नुकसान होणार नाही.