पंचनाम्यात बाई नसते

समोर सतरंजीवर बसलेल्या बायामायांनो, आणि मागे खुर्च्यांवर बसलेल्या पुरुष मंडळींनो,

संमेलनाच्या अध्यक्षाने आभाराने सुरुवात करायची असते. मी तक्रारीने करते. निमंत्रणपत्रिकेवर पागोटं बांधलेला, खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी छापलाय आणि खाली विषय दिलाय, ‘बदलते हवामान आणि बळीराजा’. तो नांगर पाहून मला हसूच आलं. आपल्या भंडारा जिल्ह्यात नांगराचं काम ट्रॅक्टरने कधीच घेतलं. चिखलणी तासा-दोन तासांत उरकते. त्यानंतर बांधीत वाकून करायचं जे काही उरतं, ते बाईच्या वाट्याला. रोवणी तिची, निंदण तिचं, कापणी तिची, कापून पसरलेल्या धानाचा भिजलेला कडपा उलटवणंही तिचंच. चित्र काढायचंच होतं तर ओळीने वाकलेल्या दहा पाठी काढायच्या. रोवणीत चेहरा कुठे दिसतो?

आता लिहिणाऱ्यांकडे वळते, कारण मीही त्यातलीच. धानाच्या शेताला हिरवा शालू नेसवल्याशिवाय आमच्या कवींचा पावसाळा सुरू होत नाही. त्या शालूत दिवसभर ओल्या लुगड्याने जी उभी असते तिच्यासाठी आमच्याकडे धड शब्द नाही. ‘शेतकरीण’ म्हणाल, तर ती शेतकऱ्याची बायको. सरकार तिला ‘शेतमजूर महिला’ म्हणतं आणि गाव म्हणतं ‘रोवणीच्या बाया’. स्वतःच्या नवऱ्याच्या बांधीत राबते तेव्हा तर तिला काहीच म्हणत नाहीत. ती घरीच असते म्हणे.

आता पत्रिकेतल्या हवामानाकडे. ‘कोरडवाहू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मराठवाडा येतो. आपण तलावांच्या जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे, आपला काय संबंध? आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, खरं आहे. पण ज्या बांधीला ना कालवा पोचतो ना विहीर, तिथला धान आकाशाकडेच बघतो. आणि धानाला नुसता पाऊस चालत नाही, त्याला वेळेवरचा पाऊस लागतो.

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीस-पंचवीस दिवसांचे झाले की रोवणीला लागायला हवेत. पाऊस दडी मारतो आणि पऱ्हे खारीत उभेच राहतात, जून होतात. असे जून पऱ्हे लावले तर फुटवे कमी येतात, उतारा घटतो. एवढं कृषी विभागाचं पत्रकही सांगतं. त्याच्या पुढचं मी सांगते. पंधरा दिवस ओढ देऊन पाऊस एकदम येतो तेव्हा साऱ्या तालुक्याची रोवणी एकाच आठवड्यात उरावर बसते. पूर्वी जे काम महिना-सव्वा महिना पुरायचं ते दहा-बारा दिवसांत कोंबलं जातं. मग मजुरीला भाव चढतो, आणि पुरुष मंडळी पानठेल्यावर म्हणतात, बायांची चांदी आहे बुवा. चांदी! मोजा की जरा. दिवसाला चार पैसे जास्त मिळाले, पण दिवसच तिसऱ्या हिश्शावर आले. आणि त्या दहा दिवसांत बाई पहाटे तीनला उठते, स्वयंपाक उरकते, मालवाहू गाडीत उभ्याने परगावी जाते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगते, आमच्याकडे ‘रोवणीचा हुंडा’ म्हणजे एकरावर ठरवलेलं उक्तं काम. हुंडा घेतला की कंबर सरळ करायलाही सवड नाही, कारण टोळीतली एक थांबली की ओळ मोडते.

माझी आई अशाच टोळीत होती. संध्याकाळी ती चुलीपुढे पाय पसरून बसायची आणि मी तिच्या बोटांच्या बेचक्यांत वाटलेली मेंदी भरायची. चिखल्यांनी बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटलेली असायची. मेंदी लागली की ती ओठ दाबायची, पण हूं की चूं करायची नाही. सकाळी ते लालभडक पाय पुन्हा चिखलात. शेजारच्या पोरी म्हणायच्या, तुझ्या आईच्या पायाला काय सुंदर मेंदी रंगते!

आता पंचनाम्याकडे येते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत हे तेव्हा शाळेतल्या पोरांनाही पाठ झालं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. पंचनाम्याचं शास्त्र तुम्हाला ठाऊक आहे : पीक 33 टक्के किंवा जास्त गेलं का, सातबारा कोणाच्या नावे, किती हेक्टर. बाधित बांधीवर जिचे निंदणाचे, कापणीचे, चुरण्याचे दिवस ठरलेले होते, तिचं काय गेलं ते लिहायला त्या कागदावर रकानाच नाही. पीक बुडालं तर मालकाला थोडी का होईना भरपाई मिळते. हंगाम बुडाला तर मजूर बाईला काही नाही, कारण सरकारी हिशेबात तिचं काही बुडालेलंच नसतं.

आणि घरच्याच बांधीत राबणारी? तीही त्याच बोटीत. वडील गेल्यावरची गोष्ट. कडप्यावर अवकाळी पाऊस पडला, धानाला कोंब आले. आई अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली. आमचा दीड एकर काकाच्या नावे होता. खुर्चीतला माणूस सभ्य होता, त्याने तिला बसायलाही सांगितलं, मग म्हणाला, “बाई, सातबारावाल्याला पाठवा.” काकाने त्या बांधीत वीस वर्षांत पाय ठेवला नव्हता.

हा अपवाद आहे, असं मागून कोणी पुटपुटलं तर आकडे ऐका. देशातल्या खेड्यांत काम करणाऱ्या बायांपैकी चारात तीन शेतीत आहेत. 2015-16 च्या कृषिगणनेत वहितीधारक म्हणून बायांची नोंद सुमारे 14 टक्के. मधली तफावत म्हणजे या सतरंजीवर बसलेल्या तुम्ही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, खरेदी केंद्रावर नोंदणी नाही. धानाचा बोनस हेक्टरी जाहीर होतो आणि ज्याच्या नावे नोंदणी त्याच्या खात्यात पडतो. रोवणी कोणी केली, हे नोंदणीच्या पोर्टलवर कोणी विचारत नाही. ठेक्याने शेती करणाऱ्या बाईची तर आणखीच गोची.

हे काही मला पहिल्यांदा सुचलेलं नाही. 1986 साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला बायांचं अधिवेशन भरवलं, त्यातून पुढे बायकोच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम निघाली, आणि 1992 मध्ये बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहमालक म्हणून लावण्याचा शासननिर्णय झाला. तीस वर्षं उलटून गेली. पुढे शेतीशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं. जमीन नावावर असो-नसो, शेती करते ती शेतकरी, अशी त्याची धारणा होती. ते विधेयक चर्चेविनाच बारगळलं. आता संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलंय. म्हणजे सत्कार होतील, पैठण्या वाटल्या जातील. पैठणी नेसून रोवणी करता येत नाही.

उपाय विचारला की बायांना प्रशिक्षण देऊ म्हणतात. काय शिकवणार? मार्च-एप्रिलमध्ये वाघाच्या भीतीत, अंधारात मोहफूल वेचणारी, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी बाई हवामान तुमच्या कार्यशाळेपेक्षा जवळून ओळखते. पाण्याचंही तेच. आमचे मालगुजारी तलाव बघा. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, गाळ साचला, बेशरम माजली. एकेकाळी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर ढिवर समाजाच्या बायांनी तलावात उतरून ती बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परतले, पाखरं परतली. हे घडलं ते बाया तलावात उतरल्या म्हणून. पण मासेमारी सोसायट्यांच्या सभासदयाद्या काढून पाहा, बहुतेक ठिकाणी पुरुषांचीच नावं. तलाव कधी सोडायचा, पाणी आधी कोणत्या बांधीला, हे ठरतं त्या बैठकीत पऱ्हे कोणाच्या हातात सुकतायत ते कोणी सांगायचं?

साहित्यिकांनाही माझी मागणी आहे. झाडीबोलीत लिहिता, चांगलं करता. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते, त्यात बाईचं सोंग अजूनही बहुतेक पुरुषच वठवतात. निदान लिहिताना तरी तिचं सोंग आणू नका.

माझं भाषण लांबलं, आणि जेवणाच्या पंगतीची वेळ झालीय हे आयोजक मघापासून घड्याळ दाखवून सांगतायत. आता मागच्या खुर्च्यांना एक विनंती : बायकोचं नाव सातबाऱ्यावर असलेल्यांनी हात वर करा. चार हात वर आले, मी मोजले. बायकोला सहमालक करण्याच्या अर्जाचे दोनशे नमुने मी छापून आणलेत, ते दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. पुरुष मंडळींनी जेवायला जाताना एकेक उचलावा आणि पंगतीत बसण्याआधी सही करावी. पेन मी आणलंय.