चोर सापडला, पण आजीचं मंगळसूत्र कधी मिळणार?

आज एक असा प्रश्न, जो चोरी होईपर्यंत कुणाला पडत नाही.

समजा, आपल्या खांदा कॉलनीत सकाळी दूध आणायला निघालेल्या आजीचं मंगळसूत्र बाइकवाल्यांनी ओढलं. एफआयआर झाला. दोन महिन्यांनी फोन आला, ‘चोर पकडला, माल मिळाला.’ घरात पेढे! आजी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हजर. आणि तिथे उत्तर मिळतं, ‘आजी, कोर्टाची ऑर्डर आणा.’

आजीला वाटतं, माझीच वस्तू आणि मलाच का देत नाहीत? कारण आता ती नुसती वस्तू नाही, तो पुरावा आहे. पोलिसी भाषेत ‘मुद्देमाल’. पंचनामा होतो, सील लागतं, रजिस्टरला नंबर पडतो आणि तो मुद्देमाल खोलीत जातो. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या बाइक पाहिल्यात ना? त्यातल्या बऱ्याचशा मुद्देमालच असतात.

मग खटला संपेपर्यंत थांबायचं का? अजिबात नाही! सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिन्यापेक्षा जास्त ठेवू नयेत. फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि मालकाला द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम ४९७ आहे. वस्तू कोर्टापुढे आली की १४ दिवसांत तिची नोंद करायची, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. खटल्यात पुरावा म्हणून तो फोटो चालतो.

पण कायदा आपोआप आजीच्या दारात येत नाही. मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करावा लागतो. सोबत एफआयआरची प्रत, ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा. खरी अडचण इथेच येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या मंगळसूत्राची पावती कुठून आणणार? आणि चोराने सोनं वितळवलं असेल तर हाती येते फक्त लगड. ती आपलीच, हे वजनावरूनच सांगावं लागतं.

मालक सापडलाच नाही तर? कोर्ट जाहीर सूचना काढतं. सहा महिन्यांत कुणी हक्क सांगितला नाही, तर वस्तू सरकारजमा होऊन विकली जाऊ शकते. म्हणून गप्प बसू नका.

मोबाइल हरवला असेल तर पोलिसात तक्रार करा आणि ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून तो ब्लॉक करा. पनवेल लोकलमध्ये चोरी झाली तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे.

आता पॉडकास्ट संपल्यावर दोन कामं करा. *#०६# डायल करून आयएमईआय लिहून ठेवा, पण त्याच फोनमध्ये नको! आणि आजीला म्हणा, ‘आजी, दागिने काढ गं, फोटो घेतो.’ पावती असेल तर तिचाही घ्या, नसेल तर सोनाराकडून वजन करून लेखी घ्या.

आपली वस्तू परत मागणं म्हणजे कुणाचे उपकार मागणं नाही, तो आपला हक्क आहे. भेटू पुढच्या भागात!